भंगारात निघालेली गाडी

भंगारवाल्याचा टो ट्रक आमची गाडी न्यायला दारात आला, तशी आई हळदीकुंकू घेऊन बाहेर आली. ही आमच्या घरातली पहिली गाडी. नोकरी लागल्यावर मी ती जुनीच घेतली होती. आई एसटीशिवाय माहेरी गेली ती प्रथम हिच्यातूनच.

"मावशी, आता कसली पूजा? उद्या कापायचीय हिला," ट्रकवाला हसत म्हणाला.

आईचं कुंकवाचं बोट बॉनेटपाशी थांबलं. "कापणार?" ती माझ्याकडे वळली. "तू तर विकली म्हणालास."

गाडी दुसऱ्या कुणाच्या घरी चालली, असंच तिला वाटलं होतं.

"मग कुंकू नको," ती म्हणाली. "कापायच्या आधी बोकडाला लावतात."

गाडी घरात कशी घ्यायची, हे आम्हाला ठाऊक असतं. घालवायची कशी, हे मला कुठेच शिकायला मिळालं नाही. भंगाराचे पैसे हातात घेऊन मी नुसता उभा होतो.

मग आईने ते बोट ट्रकच्याच काचेखाली टेकवलं. "वाटेत तरी जपून ने रे बाबा."

ट्रकवाल्याने साखळी पुन्हा आवळली आणि गल्लीतले खड्डे चुकवत तो अगदी हळू गेला. उद्या कापायच्या गाडीला आज कशाला जपायचं, हे मला कळत नव्हतं. तरी तो वळेपर्यंत माझाही जीव त्या खड्ड्यांत होता.