पुठ्ठ्याचा पेनस्टँड

परवा मी आणि माझी सात वर्षांची सई टीव्हीवर एक जुनी विनोदी मालिका बघत होतो. मुलानं हौसेनं केलेली फुलदाणी त्यातल्या आईनं भंगारवाल्याला दिली होती आणि आता सगळं घर त्या मुलाशी खोटं बोलत होतं. मी खो खो हसत होते.

सईनं विचारलं, "आई, मी तुला दिलेला पेनस्टँड कुठंय?"

मी टीव्हीचा आवाज बंद केला. थापा मालिकेतच शोभतात.

"त्यात मी चमचे ठेवले गं. पुठ्ठा भिजला, मग टाकून दिला."

 ती मला बिलगून म्हणाली, "बरं झालं. मलापण नव्हता आवडला. शाळेत बाईंनी करायला लावला होता."

मी सुटकेनं हसले, आणि तेव्हापासून मला तो पेनस्टँड फार आवडायला लागलाय.