मेन केबल आणि बाबांचं मशीन

आमच्या सोसायटीच्या लॉबीत ग्रॅनाइट आहे, छताला झुंबर आहे आणि जिन्यामागच्या मीटर रूममध्ये अजून तीच जुनी मेन केबल आहे. रस्त्यावरच्या डीपीतून येणारी ही एकच केबल अख्ख्या बिल्डिंगला वीज पुरवते. बिल्डिंग झाली तेव्हा घरोघरी पंखे आणि टीव्ही होते, आता खोलीखोलीत एसी. पण येणाऱ्या पाहुण्याला झुंबर दिसतं, केबल दिसत नाही.

उन्हाळ्यात तीनपैकी एका फेजचा फ्यूज उडाला की आमचे सुशिक्षित शेजारी धावत खाली जातात आणि आपापलं घर चालू असलेल्या फेजवर टाकून येतात. मग बंद फेजचाही भार केबलमधल्या त्या एकाच तारेवर. ती तापते, जळका वास सुटतो आणि तोही फ्यूज उडतो. यावर यांचा उपाय काय, तर फ्यूजला आणखी जाड तार घाला, म्हणजे फ्यूज उडायचा नाही, केबलच जळेल! डोक्यात तिडीक जाते माझ्या.

बाबा घोटीला शिक्षक होते. फुप्फुसं थकली तेव्हा मी त्यांना नाशिकला माझ्याकडे आणलं. त्यांना दिवसभर ऑक्सिजनचं मशीन लागायचं आणि ते विजेवर चालायचं. म्हणून सोसायटीची मीटिंग मी मुद्दाम आमच्या हॉलमध्ये घ्यायला लावली. सगळ्यांना चहा दिला आणि हात जोडून म्हटलं, आधी केबल बदला.

"ताई, खरं सांगू का, तुमचं मशीन आल्यापासूनच लोड वाढलाय," समोरच्याच फ्लॅटमधले चेअरमन म्हणाले. घरात चार एसी असलेला माणूस! बाकीच्यांनी माझाच चहा पीत माना डोलावल्या. आतल्या खोलीत बाबा जागे होते.

मे महिन्यातल्या एका दुपारी मी ऑफिसातून लवकर आले. पंखा फिरत होता, म्हणजे वीज होती. मशीन मात्र बंद होतं. बाबा खुर्चीत, ओठ निळे पडलेले. मी धावत बटण दाबलं, नळी नाकाला लावली.

"कुणी बंद केलं?"

श्वास जरा जुळल्यावर ते म्हणाले, "मीच. दुपारी सगळ्यांचे एसी चालू असतात गं. आपल्यामुळे कुणाची लाइट जायला नको. रोजच करतो थोडा वेळ."

त्यांच्या ओठांवर रंग येईपर्यंत मी हात धरून बसले. मग उठून चेअरमनच्या दारावर मूठ आपटली. दार उघडलं आणि आतली गार हवा माझ्या तोंडावर आली.