चतुराबाईच्या लुगड्याचा पन्हा

ग्रामपंचायतीत शिबिर बायांच्या हाडांच्या तपासणीचं, अन् खुर्चीत पहिला जाऊन बसला खुशालराव. चाळिशीतला तगडा गडी, चप्पल काढून पाय मशीनकडं लांबवून तयार.

"उठा भाऊ," आशाताई ज्योत्स्ना म्हणाली. "पन्नाशीच्या वरच्या बायांसाठी हाये हे."

"फुकट हाये न? मंग तपासू दे!"

ज्योत्स्नानं त्याची चप्पल पायानंच दाराबाहेर लोटली. गडी मुकाट चपलीमागं गेला.

बारा वर्षं झाली होती तिला आशा होऊन. पोलिओचे थेंब, बाळंतपणं, डेंग्यूची डबकी. अंजनगाव सुर्जीजवळच्या या गावात घसा फोडल्याशिवाय एक काम झालं नव्हतं. हाडं आतून पोकळ होतात, मोडायच्या आधी कळू शकतं, हे ती आठवडाभर दारोदार सांगून आली होती. यादीत सत्तावीस नावं, आल्या नऊ. अकोल्याहून आलेलं मशीन एक वाजता परत जाणार होतं. अन् जिच्यासाठी तिचा जीव खालीवर होत होता, ती चतुराबाई वावरात कापूस वेचत होती. पोळ्याच्या सुमाराला नुसती बादली उचलताना या बाईचं मनगट मोडलं होतं.

साडेअकराला ज्योत्स्ना घामाघूम होऊन वावरात पोचली.

"मावशी, चाला!"

"काहून वं? हात तं हाडवैद्यानं बसवला."

"बादलीनं मोडते का कोनाचा हात?"

"भरेल होती बादली."

ज्योत्स्नानं कपाळावर हात मारला. तेवढ्यात तिची नजर चतुराबाईच्या कमरेवर गेली. लुगडं चांगलं चार बोटं वर ओढून खोसलेलं.

"एवढं वर काहून खोसलं?"

"पायात येते न. आजकाल कंपनीवाले पन्हाच मोठा काढून राहिले."

"हे तुमच्या पिंकीच्या लग्नातलं लुगडं. धा वर्षं झाले. कंपनीवाला काय तुमच्या पेटीत घुसून पन्हा वाढवून गेला?"

चतुराबाईनं खाली काठाकडं पाहिलं. मग मान वर करून ज्योत्स्नाच्या तोंडाकडं. पूर्वी दोघी सारख्या उंचीच्या होत्या.

"मी बुटकी झाली का वं?"

"मणके खचून राहिले तुमचे. चाला आता."

ग्रामपंचायतीत नवीन घोळ. टाचेच्या भेगांत काळी माती भरलेली, मशीनवाल्या पोरीच्या हातात असा पाय कसा द्यावा, म्हणून बाई नळावर पंधरा मिनिटं टाच घासत बसली. ज्योत्स्ना दात चावत घड्याळ पाहत होती. एकला दहा कमी असताना पाय एकदाचा मशीनमध्ये गेला.

हाडांच्या मजबुतीचा आकडा वाईट आला. पोरीनं समजावलं, "टाचेवरून अंदाज येतो, आजी. कमरेची पक्की तपासणी अकोल्याला करा, मग डॉक्टर औषध देतील."

"वेचणी झाल्यावर जाईन," चतुराबाई म्हणाली.

ज्योत्स्नानं तिथूनच चतुराबाईच्या पोराला, प्रीतमला फोन लावला.

"वेचणी होऊ दे न, ताई," तोही तेच बोलला.

"होऊ दे. पण माय पडली अन् खुब्याचं हाड मोडलं, तं वेचणी तू करजो, सैपाक तू करजो, अन् तिले संडासलेबी तूच नेजो. जमते का, सांग!"

पलीकडं चालू असलेला ट्रॅक्टर बंद झाला.

"ताई," प्रीतम म्हणाला, "सकाळची अकोल्याची पहिली बस किती वाजता हाये?"