नीलाबाईंचा पाचवा गिअर

नीला टिपणीस यांनी अर्ध्या मुलुंडला गाडी चालवायला शिकवली, आणि उरलेल्या अर्ध्यानेही त्यांच्याकडेच यायला हवं होतं असं त्यांचं ठाम मत आहे. ड्रायव्हिंग स्कूलच्या गाडीत डावीकडच्या सीटवर, पायाखालच्या जादा ब्रेकवर पाय ठेवून बाईंनी उमेदीची वर्षं काढली. समोर रिक्षा, हातगाड्या, मेट्रोचं खोदकाम. गाडी तिसऱ्या गिअरच्या पुढे जायची नाही. पाचवा गिअर त्या इंजिन बंद करून दाखवायच्या. "हा टॉप. मोकळ्या रस्त्याला लागतो," असं सांगायच्या, आणि त्यांनी स्वतः मात्र तो कधीच टाकलेला नव्हता. घरी गाडी नव्हती. "मुंबईत गाडी म्हणजे डोक्याला ताप," हे त्यांच्या नवऱ्याचं, श्यामकांतरावांचं, लग्नापासूनचं पालुपद.

अशा बाईंना, श्यामकांतरावांसकट, ॲडलेडला राहणाऱ्या लेकीने, अबोलीने बोलावून घेतलं आणि फिरायला चक्क कॅरॅव्हॅन भाड्याने आणली. मागे बिछाने, शेगडी, बेसिन, पुढे स्टिअरिंग. फिरतं वन रूम किचनच! शहर मागे पडलं, लाल माती सुरू झाली, आणि रस्ता असा सरळ की इस्त्री करून अंथरलाय. बाईंना राहवेना. त्यांनी पर्समधून इंटरनॅशनल परमिट काढून लेकीच्या नाकासमोर धरलं.

"आई, फक्त पुढच्या पंपापर्यंत हं. तिथे मी घेणार. प्रॉमिस?"

"किती लांब आहे गं पंप?"

"दीडशे किलोमीटर."

दीडशे! मुलुंडहून निघून पुणं ओलांडलं असतं. बाई उजवीकडे बसल्या. पहिला, दुसरा, तिसरा, चौथा. हात पाचव्याकडे निघाला, तोच समोरून आलेल्या ट्रकवाल्याने स्टिअरिंगवरून एक बोट उचललं. बाईंनी गाडी कडेला घेतली.

"अहो, उतरा. खूण केली त्याने. दार उघडं असणार."

मुंबईत अनोळखी ड्रायव्हर बोट दाखवतो तो डिकी उघडी राहिली किंवा ओढणी लोंबतेय म्हणूनच. तिघं उतरली, माश्या हाकलत दारं तपासली. सगळं ठीक. पुन्हा निघाली. पुन्हा चौथा, आणि पुन्हा एका जीपवाल्याचं बोट. मग दुसऱ्या कॅरॅव्हॅनमधले म्हातारा-म्हातारी, दोघांचीही बोटं वर.

"दोघंही सांगतायत! टायर गेला, वाट लागली!"

श्यामकांतराव गाडीखाली शिरले आणि गेरूत बुडवल्यासारखे बाहेर आले. गाडी थांबलेली पाहून ती म्हातारा-म्हातारी मदतीला परत फिरली होती. त्यांच्याशी बोलता बोलता अबोली पोट धरून हसत खालीच बसली. शहरात राहणारी ती, तिलाही हे ठाऊक नव्हतं.

"आई, ते रामराम करतात गं! या रस्त्यावर समोरून येणाऱ्याला सगळेच करतात."

"ओळख ना पाळख?"

"ओळख ना पाळख!"

"आमच्या मजल्यावरचे लिफ्टमध्येसुद्धा हसत नाहीत," म्हणत बाईंनी किल्ली फिरवली.

आता कोण थांबवतंय! क्लच दाबला, दांडा उजवीकडून वर सरकवला, आणि गाडी हलकी झाली. ऐंशी, नव्वद, शंभर. बाई खिदळायलाच लागल्या. येईल त्याला बोट कसलं, अख्खा हात हलवत होत्या. वाटेतल्या एका एमू पक्ष्यालाही हात केला. "झकास! अगं, काय झकास!" असं ओरडताना डोळ्यांतून पाणी येत होतं. "मला हे इतकं आवडतं, मला माहीतच नव्हतं गं," त्या मागे बसलेल्या अबोलीला म्हणाल्या.

शेवटी पंपाची पाटी दिसलीच. शब्द दिला होता. बाईंचा चेहरा उतरला. वेग कमी करत त्यांनी चौथा टाकला.

शेजारी श्यामकांतराव पुढे वाकून काटा बघत होते. "डिझेल अर्ध्याच्या वर आहे. अबोली, पुढचा पंप?"

"बाबा, अजून शंभर किलोमीटर आहे!"

"पुरेल की." ते मागे रेलून बसले. "नीला, चौथ्यात कशाला आणलीस? टाक पाचवा."