हौसाक्काची मूठ

सोपान दुकानात आला तेव्हा मी एका गिऱ्हाइकाशी हुज्जत घालत होतो. दौंडात पाईपचं दुकान चालवायचं म्हणजे सकाळपासून घसा फोडावा लागतो, त्यात नवल नाही. सोपान कोपऱ्यात उभा राहिला, टोपी काढून हातात धरली. मला वाटलं, ऊन लागलं असेल. गिऱ्हाईक गेल्यावर मी नेहमीसारखं विचारलं, "काय कारभारी, आज एकटेच? आक्का कुठाय?" तो टोपीकडं बघत म्हणाला, "आक्का गेली, शेठ. धावं, तेरावं समदं झालं." मी ओरडलोच त्याच्यावर. मला कळवायचं नाही? एवढा परका झालो मी? तर म्हणाला, "तुमचा नंबर तिच्याच मोबाईलात हुता. ते डबडं तिच्याबिगर कुणाला चालवता येत न्हाई..." छातीत दुखतंय म्हणाली, शिरूरला दवाखान्यात नेलं, पण जीपमधून उतरवेपर्यंतच सगळं संपलं होतं. सोपानला पाईप जोडायचे दोन कपलर हवे होते. ते मी त्याला दिले, आणि मग शटर अर्धं ओढून आत बसून राहिलो.

हौसाबाई ही सोपानची भावजय. अख्खी वस्ती तिला आक्का म्हणायची, मग मीही म्हणू लागलो. मांडवगण फराटा गावाच्या वरच्या अंगाला माळावर धनगरांची वस्ती आहे, तिथली. नव्वदच्या दशकात ही मंडळी माळावर थोडीफार जमीन कसायला लागली होती, पण पाणी नव्हतं. त्यामुळं दिवाळी झाली की बिऱ्हाड घोड्यावर चढायचं आणि मेंढरांमागं कोकणाच्या वाटेला लागायचं. आक्काचा नवरा अशाच एका वाटेवर तापानं गेला. मुलगा बिरू तेव्हा शाळेत नुकता जायला लागला होता, आणि दर दिवाळीला त्याची शाळा सुटत होती. म्हणून त्या वर्षी तिनं वस्तीत जाहीर करून टाकलं होतं, "माझं बिऱ्हाड आता घोड्यावर चढनार न्हाई. खालनं पानी वर आलं पायजे." खाली म्हणजे नदीवर. वस्तीतल्या घरांनी मिळून सामाईक पाईपलाईन करायची ठरवली आणि सगळे माझ्याकडं आले. पाणी आलं तर बिरूची शाळा, नाही आलं तर पुन्हा घोडा... तिच्यासाठी एवढा सरळ हिशोब होता.

मी त्यांना रीतसर सांगितलं. लाईन लांब आहे, चढ मोठा आहे. नदीजवळच्या उतारावर दहा किलोचा पाईप टाका, मधे सहा किलोचा, वर माळावर चार किलोचा चालेल. किलो म्हणजे दाब सोसायची ताकद. जेवढे किलो जास्त, तेवढी पाईपची भिंत जाड. माना डोलावून माल घेऊन गेले. दुसऱ्या दिवशी ट्रॅक्टर परत दारात! ट्रॉलीत सगळे जाड पाईप तसेच. सोपान खाली उतरला तोच आवाज चढवून, "शेठ, माप मारलं तुम्ही!" मी म्हटलं, कसलं माप? तेवढ्यात मागून आक्का पुढं आली. उंच, काटक बाई, कपाळावर रुपयाएवढं कुंकू. तिनं बांगड्या कोपराकडं सारल्या, मूठ वळली आणि चार किलोच्या पाईपच्या तोंडात घातली. सरळ आत गेली. मग तीच मूठ दहा किलोच्या तोंडाला लावली. अडली. "बगा," ती म्हणाली. "दोन्ही तीन इंची म्हनून दिलं. मंग एकात मूठ जाती आन् एकात का जात न्हाई?"

आता ह्यावर माझं डोकं फिरणार नाही तर काय होणार? बाजारभर लोकांसमोर मला चोर ठरवत होते. मी सुतळी आणली, एका पाईपला बाहेरून गुंडाळली, खूण केली आणि दुसऱ्याला गुंडाळली. खूण खुणेवर आली. "बाहेरून दोन्ही एकच आहेत! माप बाहेरचं असतं. जाडी वाढते ती आतल्या बाजूला." सोपान म्हणाला, "बाहेरून सारखा आसून काय करायचंय? पानी आतनं जातंय." बोलणं खोटं नव्हतं, म्हणून तर मला जास्त राग आला. मी ओरडून सांगितलं की बाहेरचं माप बदललं तर कपलर कुठला बसवणार, एल्बो कुठला, व्हॉल्व्ह कुठला? पातळ असो की जाड, एका मापाच्या सगळ्या पाईपांना एकच जोड बसावा म्हणून बाहेरचं अंग ठरलेलं असतं. ऐकतंय कोण! झाडून सगळ्या पुरुषांनी कौल दिला: तोंड मोठं तोच पाईप खरा. सगळी लाईन चार किलोची. आक्कानं मात्र ती सुतळी उचलली आणि पुन्हा एकदा स्वतःच्या हातानं दोन्ही पाईपांना गुंडाळून बघितली. जाताना म्हणाली, "शेठ, ह्यात कायतरी हाय. पर मला अजून उमगंना."

वस्तीनं इर्जिक घातली. इर्जिक म्हणजे ज्याचं काम त्यानं जेवण घालायचं आणि बाकीच्यांनी मजुरी न घेता राबायचं. नदीपासून माळापर्यंत चर खणला, पाईप पुरले, नारळ फोडून मोटर चालू केली. पाणी वर पोचलंच नाही. नदीजवळच्या उतारावरच लाईन फुटली आणि दुसऱ्याच कुणाच्या तरी हरभऱ्यात कारंजं उडालं. तो शेतकरी काठी घेऊन धावला, हे मला नंतर कळलं. एक तुकडा बदलला तर त्याच्या शेजारचा फुटला, तो बदलला तर पुढचा. मग काय, दौंडच्या शेठनं सडका माल दिला म्हणून मांडवगणच्या चौकात माझ्या नावानं शंख सुरू झाला. दिवाळी तोंडावर आली होती. सोपाननं घोड्याचं खोगीर काढून शिवायला घेतलं.

ते खोगीर बघितलं आणि आक्का एकटी एसटीनं दौंडला आली. मी तिला बघून भांडायच्याच तयारीनं उभा राहिलो. ती पाईप चिकटवायच्या सोल्युशनच्या रिकाम्या डब्यावर बसली आणि म्हणाली, "भांडाय आले न्हाई. मला शिकवा. निस्तं सांगू नका, मला दुसऱ्याला पटवता आलं पायजे." बाप रे, काय प्रश्न विचारले त्या बाईनं त्या दिवशी! खालीच का फुटतो, वर का नाही? मी सांगायला लागलो की मोटर चढावर पाणी रेटते तेव्हा उभ्या उंचीचा सगळा भार... तिनं मला मधेच तोडलं. "थांबा थांबा. डोक्यावर हंड्यावर हंडा चढवला की सगळ्यात खालचा मानंत रुततो. तसंच ना? वरलं समदं पानी खालच्या पाईपाच्या उरावर." मी म्हटलं, तसंच. "आन् जाड पाईपात पानी कमी जानार?" थोडं कमी जाणार, मी कबूल केलं. "पण आक्का, फुटलेल्या पाईपातून वर किती आलं?" त्यावर ती पहिल्यांदा हसली. मग मला म्हणाली, तिन्ही जातींच्या पाईपाच्या चकत्या कापून द्या. मी करवतीनं बोटभर रुंदीच्या कड्या कापून दिल्या. त्या पदराच्या गाठीत बांधून ती संध्याकाळच्या गाडीनं गेली.

बिरोबाच्या देवळापुढं तिनं काय केलं ते सोपाननंच मला पुढं कितीतरी वेळा सांगितलं, दर वेळी नव्यानं हसत. तिनं सुतळी काढली, कड्यांना गुंडाळून सगळ्यांना दाखवलं की बाहेरून तिन्ही एक. मग पातळ कडी दगडावर उभी ठेवली आणि सोपानला म्हणाली, "भावजी, पाय द्या." कड! कडी दुभंगली. मग जाड ठेवली. सोपाननं पाय दिला, मग अंगाचा सगळा भार दिला, शेवटी इरेला पेटून उडी मारली आणि घोटा धरून खाली बसला. कडी जशीच्या तशी. "आता सांगा," आक्का म्हणाली, "खाली कुनाला झोपवायचं? ह्येला का त्येला?"

पटलं सगळ्यांना. पण पुन्हा खणायला कोण येणार? एकदा राबून झालं होतं, लोक वैतागले होते, मेंढरं न्यायची घाई होती. तेव्हा आक्कानं स्वतःच्या नावानं इर्जिक बोलावली. बाईच्या नावाची इर्जिक त्या वस्तीत कुणी ऐकली नव्हती. म्हातारे म्हणाले, हे रीतीत बसत नाही. ही म्हणाली, "जेवान म्या घालनार, बकरं माझं, मंग नाव कुनाचं? आन् न येनाऱ्यानं पान्याच्या पाळीला बी येऊ नये." काय हिंमत! दुसऱ्या दिवशी वस्तीतलं एकूण एक माणूस कुदळ घेऊन उतारावर हजर. मीही गेलो होतो, दुकान बंद ठेवून, जाड पाईप सोबत घेऊन, कारण आता माझ्याही नावाचा प्रश्न होता. खालचे पातळ पाईप उकरून काढले, जोडाजवळ कापले. सोपाननं कपाळाला हात लावला, की एवढा पाईप वाया गेला. आक्का म्हणाली, "वाया कसा जाईल? बाहेरून सारखाच हाय न्हवं? फुटका तेवढा टाका, धड हाय तो वर माळावर न्या, नवे जोड लावा आन् लाईन पुढं वाढवा." मला हे सुचायच्या आधी तिला सुचलं, आणि मला असा आनंद झाला म्हणून सांगू! माझं शिकवणं कुणाच्या तरी कामी आलं होतं. नाहीतर आमच्याकडं माणसं भाव विचारून जातात.

पाणी आलं. माळावरच्या तोंडातून आधी नुसता वारा फुसफुसला, मग गढूळ चूळ पडली, मग धार लागली. आक्का धारेखाली हात धरून उभी होती आणि रडत होती, अगदी मोठ्यानं, कुणाची लाज न बाळगता. त्या दिवाळीला तिचं बिऱ्हाड हललं नाही. घोडा मात्र विकू दिला नाही तिनं. तो पुढं म्हातारा होईपर्यंत त्या पाण्याच्या तोंडाशी उभा असायचा आणि येईल त्या माणसाला ढुशी द्यायचा.

पुढं काही वर्षांनी बिरू आयटीआय करून रांजणगावच्या एका कंपनीत पाईप फिटिंगच्या कामाला लागला. कंपनीची बस त्याला घ्यायला फाट्यावर यायची, ह्याचं आक्काला कोण कौतुक! तो एकदा माझ्या दुकानात आईला ऐकवायला लागला, "आई, आमच्याकडं लोखंडी पाईपाला किलो न्हाई म्हनत. शेड्यूल म्हंतात. शेड्यूल फॉर्टी, शेड्यूल एटी." आक्का म्हणाली, "नाव काय बी ठेवा. बाहेरून तेवढाच आन् आतून जाड, आसंच ना?" मग मी तिला गंमत म्हणून नळाचा अर्धा इंची पाईप आणि मोजपट्टी दिली. तिनं बाहेरून मोजला, अर्ध्या इंचाहून कितीतरी जास्त. आतून मोजला, तोही अर्धा नाही. "आगं बया! मंग अर्धा इंच हाय तरी कुठं?" मी म्हटलं, नुसता नावात. जुन्या काळी कुठंतरी असेल, आता नाव तेवढं राहिलंय. तिनं सोपानकडं बघितलं. "आमच्या भावजींवानी. नावाचं कारभारी." सोपानसकट सगळं दुकान हसलं.

दुकानात आली की माल घेण्याआधी मूठ घालून बघायची सवय तिची शेवटपर्यंत गेली नाही. मी चिडवायचो, "आक्का, अजून माझ्यावर विश्वास नाही?" ती म्हणायची, "तुमच्यावर हाय, कारखान्यावर न्हाई." आणि अशा बाईला पोचवायला मी नव्हतो, ही गोष्ट मला अजून गिळता येत नाही. वस्तीवर जायला हवं, असं रोज मनात यायचं. पण तिच्याशिवायचं ते घर... पाय उचलत नव्हता.

मागच्या आठवड्यात दुकानापुढं मोटारसायकल थांबली. बिरू आणि त्याची बायको शोभा. खालच्या उतारावरचे पाईप आता जुने झालेत, बदलायचेत म्हणाले. बिरूला रांजणगावहून फोन आला म्हणून तो बाहेर गेला. मी दुकानातल्या पोराला सांगून दहा किलोचे दोन-तीन पाईप काढायला लावले, त्यात एका नव्या कारखान्याचा स्वस्तातला होता. शोभानं भाव विचारला नाही. तिनं हिरव्या बांगड्या कोपराकडं सारल्या, मूठ वळली, आणि अंगठा मात्र मुठीच्या बाजूला बाहेर काढून ठेवला. मी म्हटलं, "अंगठा का बाहेर?" ती लाजली. "माझी मूठ बारकी हाय ना. आत्याबाईंनी आपल्या मुठीला लावून बगितली, आन् अंगठा आसा धर म्हनाल्या. मंग बरोबर त्यांच्याएवढी व्हती."

स्वस्तातल्या पाईपात मूठ सरळ आत गेली. तिनं तो बाजूला सारला. दुसऱ्याच्या तोंडाशी मूठ लावली, जरा जोर केला... नाही गेली.

"अडली," ती खूश होऊन म्हणाली. "ह्योच द्या, मामा."