ठाण्यातला प्रॉम्प्टर

नाटकवाल्यांना किस्से जमवावे लागत नाहीत. तालमीला चहा आला की आपोआप साचतात. आमचं मंडळ उज्जैनचं, गणेशोत्सवापुरतं. मी कॉलेजात स्टॅटिस्टिक्स शिकवायचो आणि मंडळात प्रॉम्प्टिंग करायचो. विंगेत, अंधारात. तोंड दाखवायची हिंमतच नव्हती!

आमचा खलनायक मधू, बँकेत कॅशियर. देवास गेटला टेम्पोत बसला की ओळखीच्या काकू पर्स दुसऱ्या काखेत घ्यायच्या. वर म्हणायच्या, "तुमचं काम अगदी खरं वाटतं हो!"

तेव्हा गल्लोगल्ली कॉम्प्युटर क्लास निघत होते. एका पोलीस ठाण्यातही (नाव सांगत नाही, अजून भीती वाटते) चेहरे ताडणारं मशीन आलं. बसस्टँडवरच्या कॅमेऱ्यात मधू दिसला आणि मशीननं त्याला कुठला तरी पाकीटमार ठरवलं! दिवसभर बसवून सोडला, पण दर सोमवारी हाजिरी लावली. बँकेनं त्याला कॅशवरून उठवलं. हवालदार म्हणाला, "हम क्या करें, मशीन बोल रही है." मधू म्हणाला, "बोल रही है, तो उसी का बयान लिखो!"

मी टी.आय. साहेबांना, म्हणजे ठाण्याच्या मुख्य इन्स्पेक्टरांना, समजवायला गेलो. म्हटलं, स्टँडवर रोज हजारो चेहरे. मशीन जरासं जरी चुकलं तरी चोरांपेक्षा भली माणसंच जास्त सापडतील. ते हसले. "प्रोफेसर साहब, जो निर्दोष है उसे कैसा डर?"

"साहब, मैं निर्दोष हूँ और जिंदगीभर डरता ही आया हूँ!"

घरी येताना वाटलं, त्यांचंच बरोबर असलं तर? पाकीटमार पकडायला तर हवेतच. मग मधूचा सोमवार आठवला.

पुढे फर्मान आलं: मधूच्या सगळ्या साथीदारांचे फोटो द्या, मशीनमध्ये भरायचेत. आमचे मेकअपवाले नाना नाटकांचे फोटो घेऊन गेले. दाढ्या, जटा, मुकुट! टी.आय. एका फोटोवर थबकले. "ये महारानी कौन है?"

"पोस्टमास्टर साहब. रिटायर्ड."

मग आम्हालाच बोलावलं. सोमवारी, मधूच्या हाजिरीच्या वेळी. खुर्ची, मागे पांढरा पडदा, वर झगझगीत दिवा. नानांनी मला पुढे ढकललं. "तुम्ही शिकलेले, आधी तुम्ही."

हवालदार कॅमेरा लावत म्हणाला, "बैठिए सर, सामने देखिए."

उत्तर मी घरून घोकून आलो होतो. दिव्याखाली गेलो आणि साफ विसरलो!

तेवढ्यात मागून, विंगेतून यावी तशी, मधूची कुजबुज आली: "नहीं बैठूँगा."

मी इतक्या जोरात म्हटलं, की टी.आय. साहेब चहाचा कप हातात घेऊनच बाहेर आले.

"नहीं बैठूँगा!"