आमच्या साडूंची आभाराची वही

अख्ख्या पनवेलमध्ये गटाराच्या झाकणाचे आभार मानणारा माणूस एकच आहे आणि तो नेमका माझा साडू आहे. झाकण होतं म्हणून आपण आत पडलो नाही, असं त्यांचं म्हणणं. शेजारचं झाकण गेलं वर्षभर गायब आहे, त्याबद्दल मात्र त्यांची काही तक्रार नाही. तक्रार करायची नाही असं त्यांना शिबिरात शिकवलंय.

हे शिबिर कामोठ्याच्या एका हॉलमध्ये दोन दिवस झालं. फी त्यांच्या लेकीने भरली, जेवण शिबिराकडून, आणि शेवटी सूर्यफुलाचं चित्र असलेली एक वही फुकट. रोज सकाळी उठून वहीत पाच गोष्टींचे आभार लिहायचे, की म्हणे माणूस आनंदी होतो आणि दुखणी पळून जातात. आता, ज्यांनी एका कचेरीच्या खिडकीमागे बसून तीस वर्षं समोरच्याला "उद्या या" एवढं एकच वाक्य ऐकवलं, त्यांना आभार हा शब्द लिहिता येईल की नाही याचीच मला शंका होती. पण साडूंनी आयुष्यात अर्धवट असं काहीच केलेलं नाही. पाचांवर त्यांचं भागेना. लिफ्ट, पंखा, नळ, वर्तमानपत्र टाकणारा, वर्तमानपत्र, सगळ्यांची नावं वहीत जाऊ लागली. डास चावला तर "आपल्याला रक्त आहे" याचे आभार. डोक्यावरून नव्या विमानतळाचं विमान घरघरत गेलं की आम्ही कानावर हात ठेवायचो आणि हे गच्चीतून त्याला हात जोडायचे.

स्टँडवरच्या रिक्षावाल्याचा तर त्यांनी जीव नकोसा केला. उतरताना त्याचे दोन्ही हात हातात घेऊन, डोळे मिटून, सावकाश आभार. मागे हॉर्नचा गदारोळ. शेवटी तो बिचारा म्हणाला, "काका, आसा नका करू. मना वाटतं आपली ही शेवटची ट्रिप हाय."

इथपर्यंत सगळं गमतीचं होतं. पण एका सकाळी साडूंनी रक्तदाबाची गोळी बंद केली. "कृतज्ञ माणसाला गोळी लागत नाही," असं जाहीर करून त्यांनी पाकीट कपाटात टाकलं. आठवड्याभरात वरचा आकडा एकशे सत्तरच्या पुढे. मोठ्या ताईंनी, म्हणजे त्यांच्या बायकोने, आधी समजावलं, मग रडून पाहिलं, मग अबोला धरला. साडूंनी अबोल्याचेही आभार मानले, घरात शांतता नांदते म्हणून.

तेव्हा ताईंनी डॉक्टरांना विचारलं आणि दगडी खल बाहेर काढला. रोज सकाळी त्यात गोळी कुटून ती नाचणीच्या आंबिलीत मिसळायची. गोळ्या आणायचं काम माझ्याकडे. जुन्या बाजारातले मेडिकलवाले भाई माझ्या ओळखीचे. त्यांना सगळी हकिगत सांगितली, तर पाकीट हातात देत म्हणाले, "अल्लाचा शुक्र तर आम्ही पण अदा करतो, नमाजात, दिवसातून पाच वेळा. पण गोळी कधी चुकवत नाही."

आकडा उतरला. दर रविवारी माझ्या रक्तदाबाच्या यंत्रावर एकशे तीस पाहून साडू माझ्याकडे असे बघायचे, जणू यंत्राचा शोध त्यांनीच लावलाय. वहीत आलं: "नाचणीचे आभार. हल्ली जरा कडू येते, तरीही आभार." ताई ही वही रोज चोरून वाचायच्या. "नाचणीचं नाव आहे, ताटलीचं आहे, गटाराच्या झाकणाचं आहे," त्या मला म्हणाल्या, "सदतीस वर्षं संसार केला, माझं कुठेच नाही."

मग बागेतल्या ज्येष्ठांच्या मंडळाने साडूंचं भाषण ठरवलं. विषय: गोळीला रामराम. ते ऐकून एक साखरेवाले गृहस्थ मला आनंदाने म्हणाले, "मी तर उद्यापासूनच इंजेक्शन बंद करतोय." मी हादरलो आणि तडक ताईंकडे गेलो. त्या म्हणाल्या, "तुम्हीच सांगा, भाऊजी. मी सांगितलं तर माझ्या हातचं पाणीसुद्धा पिणार नाहीत."

मी सांगितलं. साडूंनी ओट्यावरच्या खलाकडे पाहिलं.

"किती दिवस?"

"चार महिने."

"रोज?"

"रोज."

दुसऱ्या दिवशी त्यांनी बागेत भाषण केलं, तीन वाक्यांचं. "माझा रक्तदाब गोळीने उतरला. मला माहीत नव्हतं. तुम्ही सगळ्यांनी आपापली औषधं वेळेवर घ्या." घरी येऊन त्यांनी वही मिटली, ती मिटलीच. गोळी निमूटपणे घेऊ लागले. लिफ्टशी बोलणं बंद, विमानाकडे बघणं बंद. ज्या शांततेसाठी मी देव पाण्यात घालून बसलो होतो, ती मिळाली आणि मला खायला उठली. रिक्षावाल्याने मला स्टँडवर गाठून विचारलं, "काका आजारी हायेत काय? काल नुसतेच उतरून गेले. मना बरा नाय वाटला." त्या रविवारी यंत्र लावलं तर, रोज गोळी घेऊनही, आकडा एकशे पन्नास.

आता या माझ्या तोंडाने मी काय बोलणार? वर्षभर ज्या वहीची टिंगल केली, तीच मी कपाटातून काढून त्यांच्या पुढ्यात ठेवली. म्हटलं, "लिहा."

"काय लिहू? सगळं खोटंच होतं."

"गोळी खरी होती. वहीपण खरी असेल. मला काय कळतंय? लिहा तुम्ही."

त्यांनी पेन उघडलं आणि एक ओळ लिहून आंघोळीला गेले. ताईंनी लगबगीने वही ओढली. पानावर एवढंच होतं: "खलाचे आभार."

"बघा," ताई म्हणाल्या, "दगडाचं नाव आलं, माझं नाहीच." आणि पदराने डोळे पुसत हसायला लागल्या.

हळूहळू लिफ्टचे दिवस परत आले, आकडाही खाली आला. त्यात गोळीचं किती आणि वहीचं किती, हे मी ठरवू शकत नाही, आणि आता ठरवावंसंही वाटत नाही. परवा मी सहज म्हणालो, "चार महिने गोळ्या मी आणल्या. माझं नाव कधी येणार वहीत?"

साडूंनी चष्म्यावरून पाहिलं. "तुझे कसले आभार? तू काय परका आहेस?"

आकडा आता नीट आहे, यंत्र त्यांना स्वतःला लावता येतं. तरी दर रविवारी मी सकाळीच, ते वही लिहायला घेतात तेव्हा, तिथे जाऊन बसतो. कशासाठी, ते अजून मी त्यांना सांगितलेलं नाही.